लॅपटॉपचा खरा वेग कोणता: २.४, ४.२ की १.९?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं आहे ते कळेल. तुम्ही शहाद्याला लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करता. सेकंडहँड लॅपटॉप घेतलाय, त्यात इंटेलचा आय५-११३५जी७ आहे. दुकानदाराने ‘४.२ गिगाहर्ट्झ’ सांगून दिला. विंडोजच्या सेटिंगमध्ये २.४० दिसतं आणि त्याच्या शेजारीच २.४२. टास्क मॅनेजर कधी ४.०७ दाखवतो, पण लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की थोड्या वेळाने १.९ वर येऊन बसतो. यातला खरा वेग कोणता, दुकानदाराने फसवलं का, आणि यूट्यूबवर दाखवतात तसं ओव्हरक्लॉक करून (कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवून) तो कायम ४.२ वर ठेवता येईल का, असे तीन प्रश्न आहेत.

फसवलेलं नाही. ओव्हरक्लॉक होणार नाही. आणि माझ्या मते तुमची अडचण ४.२ ची नाहीच, त्या १.९ ची आहे. जळगावात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे ‘भो, याला जरा पळवून द्या’ म्हणत येणारी पोरं बरीच बघितलीत. बहुतेकांचा प्रोसेसर पळायला तयारच असतो, त्याला कोणीतरी मागे खेचत असतं. ते कोण, हे शोधणं हेच काम.

आधी आकड्यांचा गोंधळ मिटवू. सेटिंगमधलं २.४० हे मोजलेलं नाही, ते प्रोसेसरच्या नावाचाच भाग आहे. चिपमध्ये तिचं नाव कोरलेलं असतं, ‘आय५-११३५जी७ @ २.४० गिगाहर्ट्झ’ असं अख्खं, आणि विंडोज ते जसंच्या तसं वाचून दाखवतं. बाराव्या पिढीपासून इंटेलने नावातून हा आकडाच काढून टाकला, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर हा प्रश्न कोणी विचारत नाही. शेजारचं २.४२ कुठून आलं? चिपमध्ये वेळ मोजणारा एक काउंटर एकाच गतीने चालू असतो, प्रोसेसर धावो की झोपो. तुमच्या चिपमध्ये तो ३८.४ मेगाहर्ट्झच्या एका वेगळ्या ठोक्याला ६३ ने गुणून चालतो, म्हणजे २४१९.२ मेगाहर्ट्झ. तेच २.४२. याचा तुमच्या एक्स्पोर्टशी काडीचा संबंध नाही.

२.४ हा बेस क्लॉक, म्हणजे ठरलेल्या वॉटमध्ये सतत टिकणारा वेग, पण त्यालाही एक अट चिकटलेली आहे जी दुकानात कोणी सांगत नाही. इंटेलने ही चिप १२ ते २८ वॉटच्या मधे कुठेही चालवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्यांना दिलेली आहे. २८ वॉट दिले तर बेस २.४ गिगाहर्ट्झ, १२ च वॉट दिले तर बेस फक्त ०.९. चिप तीच, स्टिकर तोच. पातळ, हलक्या लॅपटॉपात कंपनी १५ वॉटवर बांधून टाकते, जाड बॉडीच्या लॅपटॉपात २८ पर्यंत मोकळं सोडते. म्हणून तुमच्या मित्राचा त्याच प्रोसेसरचा लॅपटॉप तुमच्यापेक्षा झपाट्याने एक्स्पोर्ट करत असेल तर त्यात जादू नाही.

आणि ४.२? तो आहे, पण काम एखाद्याच कोअरवर (प्रोसेसरच्या आतल्या चार कामगारांपैकी एकावर) असेल तेव्हा, आणि तेही घटकाभर. चारही कोअर एकदम कामाला लागले की कमाल ३.८ ची आहे. व्हिडिओ एक्स्पोर्ट चारही कोअर राबवतो, त्यामुळे सगळं अगदी नवंकोरं असतं तरी एक्स्पोर्टच्या वेळी तुम्हाला ४.२ दिसलाच नसता.

आता मोजायचं कसं. टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची सरासरी काढून एकच आकडा दाखवतो, सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर त्या क्षणाचा एका कोअरचा दाखवतं, आणि लॅपटॉप निवांत असताना दोन्ही दिशाभूल करतात. कोअर खरं तर झोपलेला असतो, तुम्ही आकडा बघायला गेलात की त्या निमित्ताने जागा होतो आणि लगेच ४.१ वर उडी मारतो. मग वाटतं, काही काम नसताना हा इतका का पळतोय! म्हणून एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि त्यात ‘इफेक्टिव्ह क्लॉक’च्या ओळी बघा. चिपमध्ये आणखी दोन काउंटर असतात, एक कोअर जागा असताना ठरावीक गतीने चालतो, दुसरा कोअरने खरोखर जितके ठोके घेतले तितकेच मोजतो. त्यांच्या हिशोबातून, झोपेचा वेळ वजा जाऊन, हा आकडा निघतो. निवांत असताना तिथे ४.१ च्या जागी ५०-६० मेगाहर्ट्झ दिसले तर घाबरू नका, तेच खरं आहे.

एक्स्पोर्ट लावा आणि निदान दहा मिनिटं त्याला हात लावू नका. दहाव्या मिनिटाला चारही कोअरचा जो इफेक्टिव्ह क्लॉक दिसेल, तो तुमच्या लॅपटॉपचा खरा वेग. पहिल्या मिनिटाचा आकडा धरू नका. इंटेलच्या लॅपटॉपात दोन मर्यादा असतात: पीएल२ म्हणजे थोड्या वेळासाठी दिलेले जास्तीचे वॉट, आणि पीएल१ म्हणजे नंतर कायम राहणारे वॉट. मधला वेळ कित्येकदा २८ सेकंदांचा असतो, कंपनीप्रमाणे बदलतो. ही सवलत का दिली असेल? चुलीवर ठेवल्या ठेवल्या तवा लगेच भाकरी भाजण्याइतका तापत नाही, तसंच चिपची उष्णता ओढून घेणारं तांब्याचं हिटसिंकही तापायला वेळ घेतं, तेवढ्यात जास्तीची उष्णता त्यात मुरते. एकदा ते तापलं की मग जितकी उष्णता पंखा बाहेर टाकेल तितकीच चिपने करायची. ब्राउझर उघडणं, फोटो सेव्ह करणं ही कामं त्या अर्ध्या मिनिटातच उरकतात, म्हणून लॅपटॉप एरवी चपळ वाटतो. तासभराचं लग्न मात्र पीएल१ वरच निघतं.

यूट्यूबवरच्या ओव्हरक्लॉकिंगबद्दल. प्रोसेसरचा वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा मूळ क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. ४.२ म्हणजे ४२ चा मल्टिप्लायर. तुमच्या चिपमध्ये वरचा मल्टिप्लायर कुलूपबंद आहे. तो उघडा मिळतो तो नावात ‘एचके’ असलेल्या आणि अलीकडच्या बहुतेक ‘एचएक्स’ प्रोसेसरमध्ये, म्हणजे वीट घेऊन फिरावं तशा जाडजूड गेमिंग लॅपटॉपात. थ्रॉटलस्टॉप या प्रोसेसरच्या मर्यादा बघायच्या-बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही ४५ लिहाल, स्क्रीनवर ४५ दिसेलही, चिप त्याकडे ढुंकून बघणार नाही. मग मूळ १०० मेगाहर्ट्झच वाढवले तर? कोअर टू डुओच्या काळी हे चालायचं. मदरबोर्डवर क्लॉक देणारी वेगळी चिप असायची आणि विंडोजमधूनच तिला सांगता यायचं. २०११ च्या सँडी ब्रिजपासून सगळ्या गाड्या एकाच इंजिनाला जोडल्यासारखं झालं, त्या १०० मेगाहर्ट्झवर इतर भागांचे क्लॉकही बांधले गेले. चार-पाच टक्के हलवलं तरी लॅपटॉप अडखळायला लागायचा, आणि आता तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) तो पर्यायच देत नाहीत.

समजा कुलूप नसतंच, तरी मी करून दिलं नसतं. हिशोब सांगतो. ३.८ चे ४.२ केले तर वेग साडेदहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तासाचा एक्स्पोर्ट फार तर ५४ मिनिटांवर येईल. पण वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. दोन्ही मिळून वॉट जवळपास ३५ टक्क्यांनी चढतात. ज्या लॅपटॉपला आत्ताची उष्णता बाहेर टाकता येत नाही, त्यात ३५ टक्के आणखी भरायची. उलट १.९ चे २.८ झाले, तर तोच तासाचा एक्स्पोर्ट ४१ मिनिटांत होतो. हे अनेकदा शक्य असतं, आणि त्याला ओव्हरक्लॉकिंग लागत नाही.

तर १.९ वर कोण बसवतंय? कारणं मुख्यतः दोन आणि त्यातलं तुमच्याकडे कोणतं हे इथे बसून मला सांगता येणार नाही, तुम्हालाच बघावं लागेल. थ्रॉटलस्टॉपमध्ये ‘लिमिट रीझन्स’ नावाची खिडकी आहे. एक्स्पोर्ट चालू असताना ती उघडून ठेवा. ‘पीएल१’ लाल झालं असेल तर कंपनीने वॉट कमी ठेवलेत. ‘थर्मल’ लाल असेल आणि तापमान १०० अंशांना टेकत असेल तर चिप भाजू नये म्हणून स्वतःच वेग उतरवते आहे. आणि ‘बीडी प्रोचॉट’ लाल असेल तर प्रोसेसरचा दोषच नाही, बोर्डवरचं दुसरंच काहीतरी त्याला ‘थांब’ म्हणतंय. त्यात सगळ्यात जास्त वेळा चार्जर सापडतो.

चार्जरचं जरा सविस्तर सांगतो, कारण सेकंडहँड लॅपटॉपाबरोबर बहुधा मूळ चार्जर येत नाही. काही कंपन्यांच्या गोल पिनमध्ये मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. तीतून लॅपटॉप ‘हा चार्जर माझाच आणि इतक्या वॉटचा आहे’ हे ओळखतो. ती वाकली, तुटली किंवा लोकल चार्जरमध्ये ती नुसती नावाला असली, की लॅपटॉप चार्जर ओळखत नाही आणि प्रोसेसरला ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर बांधून ठेवतो. टास्क मॅनेजरमध्ये काहीही केलं तरी ०.३९ च दिसतं. अशी मशिनं ‘विंडोज खराब झालं’ म्हणून दोन-दोनदा फॉरमॅट होऊन माझ्याकडे येतात. तुमचं १.९ आहे, त्यामुळे मला हे कारण वाटत नाही, पण चार्जरवर लिहिलेले वॉट एकदा बघून घ्या. खेड्यावर व्होल्टेज पडतं म्हणून लॅपटॉप मंद होतो असंही लोक म्हणतात, ते खरं नाही. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, १७० ला तो मजेत चालतो. लाइट जाऊन लॅपटॉप बॅटरीवर आला की मात्र वॉट कमी होतात. एक्स्पोर्टच्या मधेच लाइट गेली असेल तर त्या वेळेचं मोजमाप धरू नका.

आता आपल्याकडची खरी गोष्ट, उष्णता. हिटसिंक उष्णता फेकतं ते चिप आणि खोलीच्या तापमानातल्या फरकावर. समजा २५ अंशांच्या खोलीत तुमचा पंखा २८ वॉट जेमतेम बाहेर टाकतो आणि चिप १०० वर टेकते. म्हणजे ७५ अंशांच्या फरकावर २८ वॉट. तोच लॅपटॉप मे महिन्यात पत्र्याखालच्या ४० अंशांच्या खोलीत ठेवला की फरक उरला ६० अंश, आणि वॉट उरले साधारण साडेबावीस. पाच-साडेपाच वॉट नुसत्या हवेने खाल्ले, लॅपटॉप बिचारा तोच. यूट्यूबवरचे टेस्टिंगचे आकडे एसीच्या खोलीत घेतलेले असतात. आपली लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये, बाहेर पारा ४५ च्या आसपास, आणि एक्स्पोर्टही तेव्हाच रांगेत. दिवसा शूटिंग-कटिंग करा आणि मोठे एक्स्पोर्ट रात्री उशिरा लावून झोपा, हा सल्ला फुकटचा आहे पण कामाचा आहे.

कूलर लावता तो लावा, पण लॅपटॉप त्याच्या झोतासमोर ठेवू नका. ती हवा ओली असते, त्यात बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार आणि क्षार येतात. पंख्याजवळच्या बोर्डावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी गंज धरलेली मशिनं उन्हाळा संपता संपता यायला लागतात. लॅपटॉप बाजूला ठेवा, खोली थंड होऊ द्या.

आणि कापूस. धरणगाव, जामनेरकडचे, जिनिंगच्या जवळपास दुकान-घर असलेले लॅपटॉप मी बाहेरूनच ओळखतो. पंखा काढून हिटसिंकच्या जाळीकडे बघितलं तर तिथे धूळ नसते, तलम रुईचा थर असतो. पंख्याच्या पाकळ्या स्वच्छ दिसतात, पंखा जोरात फिरतोही, पण पंखा आणि जाळीच्या मधल्या फटीत दोन-तीन मिलिमीटरची घट्ट पट्टी बसलेली असते. चिमट्याने टोक धरलं की ती एका तुकड्यात निघते. बाहेरून ब्लोअर मारणाऱ्याला ती कधी दिसत नाही, उलट हवेच्या जोराने आणखी दाबली जाते. म्हणून ‘मी साफ केलाय’ असं कोणी म्हटलं की मी विचारतो, पंखा खोलून की वरून?

तुमच्याकडे ‘थर्मल’ लाल दिसलं तर खोलून सफाई आणि चिप-हिटसिंकच्या मधे नवी पेस्ट, हा पहिला उपाय. आधी बॅटरीची वायर काढायची. ब्लोअर मारताना पंख्याची पाकळी बोटाने धरायची, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग जातं. हिटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळायचे. एक कोपरा आधी पूर्ण आवळला तर दुसऱ्या कोपऱ्यात पेस्ट जाड राहते. लॅपटॉपात चिप उघडीच असते, वर झाकण नसतं, त्यामुळे पातळ पेस्ट काही महिन्यांत कडेला सरकते. म्हणून मी घट्ट पेस्ट वापरतो, किंवा गिऱ्हाईक तयार असेल तर हनीवेलचा पीटीएम७९५० पॅड. तो गरम झाला की मऊ होऊन चिपटतो आणि पेस्टसारखा बाहेर पळत नाही. नकली पॅड भरपूर विकले जातात, खात्रीच्या माणसाकडून घ्या.

‘पीएल१’ लाल असेल आणि तापमान ७०-७५ च असेल, तर सफाईने वेग वाढणार नाही, पैसे वाया घालवू नका. तिथे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘परफॉर्मन्स’ मोड आहे का बघा. काही मॉडेलमध्ये एफएन बरोबरच्या एखाद्या कीवर असतो. विंडोजच्या पॉवर मोडमध्ये ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडा. कोणी ‘गरम होतो म्हणून’ मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करून ठेवलंय का तेही तपासा, त्या एका टक्क्याने टर्बो, म्हणजे बेसच्या वरचा वेग, पूर्ण बंद होतो. सेकंडहँड मशिनमध्ये हे हमखास सापडतं. थ्रॉटलस्टॉपमधून पीएल१ वाढवता येतो का, हे मॉडेलवर अवलंबून आहे. कुलूप नसेल तर १५ चे १८-२० करून तापमान बघत पुढे जा, एकदम २८ नको. व्होल्टेज कमी करून थंड ठेवायची युक्ती आठव्या-नवव्या पिढीत छान चालायची. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाचा सुरक्षेचा दोष उघड झाला आणि त्यानंतर बायोस अपडेटमधून ती सोय बंद होत गेली. तुमच्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपात ती बंदच आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या धंद्यात तिचाच फरक सगळ्यात मोठा पडेल. तुमच्या प्रोसेसरमध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा वेगळा भाग आहे, क्विक सिंक. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट करताना ‘सॉफ्टवेअर एन्कोडिंग’ निवडलेलं असेल तर सगळा भार चार कोअरवर पडतो. ते ‘हार्डवेअर एन्कोडिंग’ करा. कोअर मोकळे होतात, वॉट कमी लागतात आणि वेळही वाचतो. फाइल थोडी मोठी होईल किंवा बिटरेट थोडा वाढवावा लागेल, पण नवरदेवाच्या वरातीत तो फरक कोणाला दिसणार नाही. त्याचबरोबर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचं नाव बघा. ‘आयरिस एक्सई’ असं दिसत असेल तर ठीक. ‘यूएचडी ग्राफिक्स’ दिसत असेल तर रॅमची एकच पट्टी लावलेली आहे. या चिपला दोन पट्ट्या मिळाल्या तरच ती आयरिस म्हणून चालते. दुसरा स्लॉट रिकामा असेल तर तेवढ्याच जीबीची पट्टी टाका. इफेक्ट, कलर, टाइमलाइनवरचं अडखळणं यात जो फरक पडेल तो ४.२ गिगाहर्ट्झनेही पडला नसता.

माझ्याकडे आलात तर मी याच क्रमाने जाईन: आधी एक्स्पोर्टची सेटिंग आणि रॅम, मग लिमिट रीझन्स, आणि ते थर्मल असेल तरच स्क्रू ड्रायव्हर. पाच मिनिटांची एकच क्लिप ठरवून ठेवा, प्रत्येक बदलानंतर तीच एक्स्पोर्ट करा आणि वेळ कागदावर लिहा, खोलीच्या तापमानासकट. गिगाहर्ट्झ विसरलात तरी चालेल.

आणि मागचं झाकण उघडलंच, तर बॅटरीवर हात फिरवून बघा. सेकंडहँड मशिनला उन्हाळ्यात बॅटरी फुगलेली असणं नवल नाही. टचपॅड वर आल्यासारखा वाटत असेल किंवा झाकणाचे स्क्रू दाबल्याशिवाय बसत नसतील, तर ते दाबून बसवू नका. बॅटरी काढून ठेवा, लॅपटॉप चार्जरवर चालवा, आणि वेगाचं सगळं काम नवी बॅटरी आल्यावर.